परीक्षा कोणाची?

आगमनकाळाचा दुसरा आठवडा लागला, की आमच्या वसईच्या पट्ट्यात आळीआळींतून एक वेगळीच लगबग सुरू होते. भाताचा पेंढा गोळा केला जातो, माळ्यावरून मूर्तींची पेटी खाली उतरते, कोणी बांबू तासत बसतो, कोणी चिक्कीचा कागद चिकटवून तारा बांधतो. नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा जवळ आलेली असते. तिच्या जोडीला ताऱ्यांची स्पर्धा, शुभेच्छापत्रांची स्पर्धा, कुठे धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवासाठी बोधचिन्हाची स्पर्धा. तरुणांच्या कल्पकतेला आवाहन करणाऱ्या अशा स्पर्धा आता आपल्या समाजजीवनात रुळल्या आहेत. धर्मगुरू म्हणून गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी त्या जवळून पाहत आलो. काही भरविल्या, काहींत परीक्षक म्हणून बसलो, आणि काहींचे निकाल लागल्यावर झालेली धुसफूसही शांत करावी लागली.

या साऱ्या अनुभवातून एक विचार मनात घर करून राहिला आहे. स्पर्धेत मुले उतरतात, म्हणून परीक्षा मुलांची असते, असे आपण समजतो. गुणपत्रिका आपल्या हाती असते, खुर्च्या आपल्यासाठी मांडलेल्या असतात, हारतुरे आपल्याला मिळतात. परंतु किंचित थांबून पाहिले, तर ध्यानात येते, की अशा प्रत्येक स्पर्धेत खरी परीक्षा थोरामोठ्यांचीच होत असते. आपण मुलांना काय विचारले? काम पाहिले, की काम करणाऱ्याचे आडनाव पाहिले? निवडलेल्या कामाचे पुढे काय केले? आणि ज्यांना निवडले नाही, त्यांना काय दिले? हे चार प्रश्न मुलांना विचारण्याचे नाहीत. ते आपणच सोडवायचे आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू या. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका विभागात गोठ्यांच्या स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावले होते. आम्ही तिघे परीक्षक. नाताळनंतरची थंडीची रात्र, एक जीपगाडी आणि हातात छापील गुणतक्ता. एका आळीत गेलो, तर चौक दिव्यांनी नुसता न्हाऊन निघाला होता. विजेच्या पंपावर चालणारा धबधबा, आपोआप माना हलविणाऱ्या मेंढ्या, धुराचे यंत्र, पार्श्वसंगीत. सारे सामान भाड्याने आणलेले आणि मांडणी करणारा कारागीरही मोलाने आणलेला. मी तेथील मुलांना विचारले, "मेंढपाळ टेकडीच्या मागल्या बाजूला का ठेवलेत?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एकजण म्हणाला, "ते डेकोरेशनवाल्यांनी ठेवलंय, फादर."

तेथून निघालो ते एका लहानशा पाड्यावर पोहोचलो. चार मुलांनी मिळून नारळाच्या झावळ्यांचे छप्पर केले होते. भिंतींना केळीची सोपटे, अंगणाला जुने फाटके जाळे. बाळ येशू ठेवला होता तो भाजीच्या टोपलीत. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजाराला भाजी घेऊन जाणाऱ्या आपल्या आयाबाया जी टोपली डोक्यावर घेतात, तीच. मी विचारले, "टोपलीच का?" त्यांच्यातील मुलगी म्हणाली, "आमच्याकडे गव्हाण नाही ना, फादर. आईला घरात जागा मिळाली नसती, तर तिनं बाळाला टोपलीतच ठेवलं असतं." मला त्यावर काही बोलता आले नाही. ज्या गोष्टीवर मी वर्षानुवर्षे प्रवचने देत आलो, ती त्या मुलीने एका टोपलीत मांडून ठेवली होती.

परंतु गुणतक्त्यावर रकाने होते ते असे : भव्यता, रोषणाई, हलते देखावे, स्वच्छता, एकूण परिणाम. 'कल्पना' नावाचा रकानाच नव्हता. पाड्यावरचा गोठा त्या तक्त्यात बसेना. आम्ही तिघांनी शेरा लिहून आयोजकांच्या हाती दिला. तरी बक्षीस रकान्यांच्या बेरजेप्रमाणेच गेले. आयोजक वाईट नव्हते. त्यांनी रोषणाई मागितली आणि त्यांना रोषणाई मिळाली, इतकेच. स्पर्धेची प्रश्नपत्रिका जशी, तशी उत्तरे येतात. मुले आपल्याला काय देतात, हे बव्हंशी आपण त्यांच्याकडे काय मागतो यावर ठरते.

चांगला प्रश्न विचारला, तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण मला अतिशय प्रिय आहे. उत्तर ध्रुवाजवळचा अलास्का हा प्रदेश १९२७ साली अमेरिकेचे पूर्ण राज्य झालेला नव्हता. त्याला स्वतःचे निशाणही नव्हते. तेव्हा तेथील शाळांतील सातवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी निशाणाच्या रचनेची स्पर्धा जाहीर झाली. थोरांनी एखाद्या नामवंत चित्रकाराकडे न जाता शाळकरी मुलांना विचारले : तुमच्या भूमीचे चिन्ह कोणते असावे? शेकडो चित्रे आली. कोणी अस्वल काढले, कोणी मध्यरात्रीचा सूर्य, कोणी सोने धुण्याची परात, तर अनेकांनी सरकारी मुद्राच थोडीफार बदलून काढली. सेवर्ड येथील मेथडिस्ट मिशनच्या अनाथाश्रमात राहणाऱ्या बेनी बेन्सन नावाच्या सातवीतील मुलाने मात्र निळ्या पार्श्वभूमीवर आठ सोनेरी तारे काढले : सप्तर्षींचे सात आणि वर कोपऱ्यात ध्रुवतारा. चित्राखाली दोन-तीन ओळींत त्याने अर्थही लिहिला होता. निळा रंग तेथील आकाशाचा आणि तेथे उगवणाऱ्या एका निळ्या रानफुलाचा. ध्रुवतारा उद्याच्या राज्याचा. सप्तर्षी म्हणजे पाश्चात्त्यांचे मोठे अस्वल, म्हणून ते बळाचे चिन्ह.

या मुलाची आई तो अगदी लहान असतानाच गेली होती. घर जळून खाक झाले होते. मासेमारी करणाऱ्या बापाला मुले सांभाळणे अशक्य झाल्याने ती आश्रमात आली होती. ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नव्हते, त्याने आपल्या साऱ्या प्रदेशाला आकाशाचे छप्पर दिले. मे १९२७ मध्ये विधिमंडळाने ते निशाण स्वीकारले, जुलैमध्ये ते त्याच आश्रमाच्या प्रांगणात प्रथम फडकले, आणि १९५९ साली अलास्का राज्य झाले तेव्हा राज्याचेही निशाण तेच राहिले. आजही तेच आहे.

बक्षीसही विचारपूर्वक दिलेले होते. निशाण कोरलेले एक घड्याळ आणि शिक्षणासाठी एक हजार डॉलर. बेनीने ती रक्कम पुढे डिझेल इंजिनांचे शिक्षण घेण्यासाठी वापरली. तो चित्रकार झाला नाही. कोडिअॅक बेटावर विमाने दुरुस्त करणारा कारागीर म्हणून त्याने आयुष्य काढले आणि १९७२ साली तो निवर्तला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रचनास्पर्धेतून कलावंतच निपजले पाहिजेत, असे थोडेच आहे? एखाद्या मुलाला आयुष्यात एकदा आपल्या गावाविषयी, आपल्या भूमीविषयी मनापासून विचार करावासा वाटला आणि तो विचार कोणी तरी मनापासून पाहिला, एवढेही पुष्कळ आहे.

आता दुसरा प्रश्न : काम पाहिले, की नाव पाहिले? पवित्र शास्त्रातील शमुवेल संदेष्ट्याची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. इस्राएलासाठी नवा राजा निवडायला तो इशायाच्या घरी जातो. थोरला मुलगा समोर येताच त्याची उंची आणि रुबाब पाहून हाच तो, असे शमुवेलाला वाटते. तेव्हा प्रभू त्याला रूपावर व उंचीवर न जाण्याची ताकीद देतो. एकामागून एक सात मुलगे पुढे येतात आणि निवडला जातो तो आठवा, ज्याला घरच्यांनी बोलावण्याचेही कष्ट घेतले नव्हते, जो रानात मेंढरे राखत होता. प्रत्यक्ष संदेष्ट्याचे डोळे जेथे फसू पाहत होते, तेथे तुमच्याआमच्या डोळ्यांची काय कथा!

म्हणूनच शहाण्या लोकांनी नावे झाकून ठेवण्याची रीत काढली. व्हिएतनामच्या युद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मारकासाठी १९८१ साली वॉशिंग्टनमध्ये खुली स्पर्धा झाली. १४२१ आराखडे आले. कोणत्याही आराखड्यावर नाव नव्हते, केवळ क्रमांक होते. एका विमानतळाच्या प्रचंड शेडमध्ये ते सारे मांडले गेले आणि आठ नामांकित परीक्षकांनी ते पाहून एकमताने १०२६ क्रमांकाचा आराखडा निवडला. पाकीट उघडले, तेव्हा नाव निघाले माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे. चीनमधून स्थलांतरित झालेल्या आईबापांची ही लेक येल विद्यापीठात अजून पदवीचे शिक्षण घेत होती. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांवर मृतांची नावे, ज्या क्रमाने ते मरण पावले त्या क्रमाने कोरलेली. ना पुतळा, ना तोफ, ना विजयस्तंभ.

नाव उघड झाल्याबरोबर मात्र वादळ उठले. कोणी त्या भिंतीला लाजिरवाणा काळा व्रण म्हटले, कोणी मुलीच्या वंशावरून बोलले. शेवटी तडजोड म्हणून जवळच सैनिकांचा एक पुतळा उभारण्याचे ठरले आणि तो १९८४ साली उभा राहिला. पण मूळ आराखडा टिकला. नोव्हेंबर १९८२ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले, आणि ज्यांच्या लेकरांची नावे त्या दगडावर होती, त्या आया तेथे येऊन अक्षरांवरून बोटे फिरवू लागल्या, कागद ठेवून पेन्सिलीने नावाचा ठसा घरी नेऊ लागल्या. स्पर्धेत क्रमांकाऐवजी नाव लिहिलेले असते, तर आपली निवड बहुधा झाली नसती, असे माया लिन यांनीच पुढे बोलून दाखविले. आठ विद्वान माणसे अप्रामाणिक होती, असा याचा अर्थ नाही. नाव दिसले, की माणसाचे डोळे नकळत नावाकडे जातात, एवढाच अर्थ आहे. आपल्या गावांत तर नावाबरोबर आळी येते, घराणे येते, मागच्या पिढीची बांधावरची भांडणेही येतात.

तिसरा प्रश्न निवडलेल्या कामाचा. आपल्याकडे काय होते? बक्षीससमारंभ होतो, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते, छायाचित्र निघते, आणि महिन्याभराने ते चित्र सभागृहाच्या कपाटामागे धूळ खात पडते. मुलांना हे कळत नाही, असे समजू नये. आपले काम कोणाला हवे होते, की केवळ कार्यक्रमासाठी हवे होते, हे मुले बरोबर ओळखतात.

आपल्या घरातील पुठ्ठ्याचे एखादे खोके हाती घेऊन पाहावे. त्यावर एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण छापलेला आढळेल. वापरलेली वस्तू पुन्हा उपयोगात आणावी, असे सांगणारे ते चिन्ह जगभर पसरले आहे. ते एका विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७० साली अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या निमित्ताने पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या 'कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' या कंपनीने कला व रचनेच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. पाचशेहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतून गॅरी अँडरसन या तेवीस वर्षांच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचे चिन्ह निवडले गेले. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली, की जिला आत-बाहेर असे काही उरत नाही अशी एक आकृती होते. गणितात तिला मोबियसची पट्टी म्हणतात. त्या आकृतीवरून त्याला ही कल्पना सुचली. त्याला अडीच हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले.

पुढची गोष्ट मनोरंजक आहे. कंपनीने ते चिन्ह आपल्या मालकीचे म्हणून कुलपात ठेवले नाही. ते सर्वांना वापरता येईल असे मोकळे राहिले. स्वतः अँडरसन मात्र आपल्या कामाला लागला आणि त्या चिन्हाचा त्याला जवळजवळ विसरच पडला. काही वर्षांनी तो नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात गेला असता, रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीवर त्याला आपलेच तीन बाण दिसले. मला वाटते, कोणत्याही चषकापेक्षा हा सन्मान मोठा. आपले काम आपल्या नावावाचून जगाच्या उपयोगी पडत आहे, हे पाहण्याचे भाग्य कितीजणांना लाभते?

आपल्या ख्रिस्तसभेतही असे घडत आले आहे. २०१९ साली पनामा येथे जागतिक युवा दिन साजरा झाला. त्याच्या बोधचिन्हासाठी १०३ प्रवेशिका आल्या होत्या. त्यांतून अंबर काल्वो या वीस वर्षांच्या वास्तुकलेच्या विद्यार्थिनीची रचना निवडली गेली. पुढे हजारो तरुणांच्या सदऱ्यांवर, पिशव्यांवर, ध्वजांवर ती दिमाखाने मिरवली. तरुणांच्या मेळाव्याचे चिन्ह तरुण हातांनी रेखाटावे, यात औचित्य आहे. ते चिन्ह कपाटात गेले नाही, प्रवासाला निघाले.

चौथा प्रश्न मात्र सर्वांत अवघड. जिंकलेल्यांचे सारेजण करतात. हरलेल्यांचे कोण करतो? शंभर मुले भाग घेतात, तेव्हा तिघांना बक्षीस मिळते आणि सत्त्याण्णव घरी जातात. स्पर्धा कोणासाठी भरविली, असे विचारले तर आपण म्हणतो, "मुलांच्या विकासासाठी." मग त्या सत्त्याण्णवांच्या विकासाचे काय? आमच्याच धर्मग्रामातील एका स्पर्धेचा निकाल लागल्यानंतर एक नववीतला मुलगा पाळकगृहाच्या ओट्यावर येऊन बसला होता. रडत नव्हता, रागावलाही नव्हता. त्याने एवढेच विचारले, "फादर, आमचं काय चुकलं, ते कोणी सांगेल का?" मी चौकशी केली. परीक्षक बाहेरगावचे होते, निकाल सांगून ते निघून गेले होते. त्यांच्या तक्त्यावर आकडे होते, शब्द एकही नव्हता. त्या मुलाला सांगण्याजोगे कोणाजवळ काहीच नव्हते. बक्षिसावाचून मूल फारसे खचत नाही, उत्तरावाचून खचते. आपल्याला कोणी पाहिलेच नाही, ही जाणीव अपयशाहून अधिक बोचते.

या संदर्भात इटलीतील फ्लॉरेन्स शहराची एक जुनी हकीकत आठवते. सेमिनरीत असताना चर्चच्या इतिहासाच्या तासाला ती आमच्या प्राध्यापकांनी सांगितली होती, आणि तेव्हापासून ती माझ्या सोबतीला आहे. १४०१ साली तेथील कापड व्यापाऱ्यांच्या संघाने स्नानसंस्कार मंदिराच्या काशाच्या दरवाजांसाठी स्पर्धा जाहीर केली. अखेरच्या फेरीत सात शिल्पकार होते. प्रत्येकाला एक वर्षाचा अवधी आणि एकच विषय : अब्राहाम आपल्या इसहाकाचे बलिदान द्यायला निघतो तो प्रसंग. सर्वांची चौकट एकाच मापाची. प्रश्न किती स्पष्ट होता, पाहा. शेवटी सामना उरला तो दोघांत, लॉरेन्झो गिबर्टी आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतले. काम गिबर्टीला मिळाले आणि त्याने त्या दरवाजांवर वीस वर्षांहून अधिक काळ घालविला.

आणि हरलेला ब्रुनेलेस्की? त्याने शिल्पकला जवळजवळ सोडूनच दिली. चरित्रकार सांगतात, की तो रोमला गेला, तेथील प्राचीन इमारतींचे भग्नावशेष मोजत हिंडला, कमानी कशा उभ्या राहतात याचा अभ्यास केला. फ्लॉरेन्सच्या महामंदिरावर इतका रुंद घुमट कसा बांधावा, हे कोणालाच सुचत नव्हते. खालून लाकडी आधार न देता तो बांधण्याची युक्ती ब्रुनेलेस्कीने काढली. १४२० साली काम सुरू झाले आणि १४३६ साली तो विशाल घुमट पूर्ण झाला. आज फ्लॉरेन्सचे चित्र पाहिले, की प्रथम नजरेत भरतो तो हरलेल्याचा घुमट.

परंतु या हकीकतीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. फ्लॉरेन्सच्या लोकांनी हरलेल्याचा नमुनाही वितळवला नाही. गिबर्टीचा इसहाक आणि ब्रुनेलेस्कीचा इसहाक हे दोन्ही नमुने सहाशे वर्षांनंतर आजही तेथील बार्जेल्लो संग्रहालयात पाहायला मिळतात. काशाला तेव्हा मोठी किंमत होती. वितळवून घंटा करता आली असती. तरी हरलेले काम त्यांनी जपले. प्रत्येक हरलेला ब्रुनेलेस्की होत नसतो, हे मला कळते. पण कोणता होईल, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून सर्वांचेच काम जपावे लागते.

हे सारे विचार कागदावरच राहिले असते. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम परिषदेत गोठ्यांची स्पर्धा कायमची बंद करावी, असा ठराव आला. कारणेही खरी होती. दोन आळ्यांत निकालावरून अबोला धरला गेला होता. एका आळीने वर्गणीसाठी घरोघरी तगादा लावला होता. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "फादर, ज्याच्या जन्मानं शांती आली म्हणता, त्याच्या गोठ्यावरून आमच्यात भांडणं. कशाला हवी ही स्पर्धा?" त्यावर महिला मंडळाच्या एक मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, "काका, भांडलो आपण मोठे. शिक्षा पोरांना का?" सभा एकदम शांत झाली. ठराव बाजूला ठेवला गेला आणि स्पर्धा नव्याने कशी घ्यावी, याची चर्चा सुरू झाली.

असे ठरले, की आळीआळींतील गोठे आनंदासाठी करावेत, त्यांना क्रमांक देऊ नयेत. आळीतला गोठा झाकून ठेवता येत नाही. कोणाचा कोणता, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. स्पर्धा घ्यायची ती चर्चमधील मुख्य गोठ्याच्या आराखड्याची. बारा ते वीस वयाच्या मुलामुलींनी तिघा-चौघांच्या गटाने पुठ्ठ्याचा लहान नमुना करावा, सोबत एका कागदावर आपली कल्पना लिहावी. विकतचे सामान नको; घरात, वाडीत, किनाऱ्यावर जे मिळते तेच. नमुन्यावर केवळ क्रमांक असेल. परीक्षक दुसऱ्या धर्मग्रामातून येतील आणि प्रत्येक नमुन्यासाठी, निवडलेल्या आणि न निवडलेल्याही, निदान चार ओळी लिहून देतील. जो नमुना निवडला जाईल, त्याप्रमाणे चर्चचा गोठा उभारला जाईल, आणि तो उभारायला सर्व गटांतील मुले येतील. बाकीचे नमुने नाताळभर सभागृहात मांडून ठेवले जातील.

पहिल्या वर्षी गट कमी आले. भाड्याच्या सामानाची सवय झालेल्यांना पुठ्ठा आणि गोंद पोरखेळ वाटला. काही पालक नाराज झाले. परीक्षकांना चार-चार ओळी लिहिताना घाम फुटला. त्यांतील एकजण मला म्हणाले, "फादर, आकडा देणं सोपं होतं. शब्द लिहायचा तर नीट बघावं लागतं." आणि निकालाच्या दिवशी क्रमांकाचे पाकीट उघडले, तेव्हा एक मजेदार गोष्ट घडली. निवडलेला नमुना निघाला तो वर्षानुवर्षे पहिले बक्षीस मिळविणाऱ्या आळीतील मुलांचा! 'वशिल्याने जिंकतात' म्हणून ज्यांच्याविषयी गावात कुजबुज चाले, तीच ही मुले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. नाव झाकल्याने दुर्लक्षित मुलाला न्याय मिळतो, हे मला ठाऊक होते. वारंवार जिंकणाऱ्यालाही त्यामुळेच न्याय मिळतो, हे त्या दिवशी उमगले. त्यांच्या हुशारीवरचा संशयाचा डाग त्या एका पाकिटाने पुसला.

भांडणे पूर्णपणे थांबली, असा दावा मी करणार नाही. माणसे आहेत तेथे मतभेद असणारच. पण आता वाद होतो तो उंटाच्या जागेवरून किंवा छपराच्या उतारावरून. आणि तो परीक्षकांनी लिहिलेला कागद हातात घेऊन होतो. असा वाद मला आशीर्वादासारखा वाटतो.

इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने नाताळचा प्रसंग प्रथम साकार केला, तेव्हा त्याने मागितल्या त्या गोष्टी अगदी साध्या होत्या : एक गव्हाण, थोडा पेंढा, एक बैल आणि एक गाढव. सामान थोडे होते, म्हणून गावकऱ्यांना तेथे बाळाकडेच पाहावे लागले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गोठ्याच्या अर्थाविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली आणि घराघरांत गोठा करण्याची परंपरा जपावी, असे आवाहन केले. ती परंपरा जपायची, तर ती मुलांच्याच हातांनी जपली जाईल. भाड्याच्या धबधब्यांनी नव्हे.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण शाळांत, समूहांत, सोसायट्यांत अशा स्पर्धा भरविता. कोणी परीक्षक म्हणून बसता, कोणी पालक म्हणून मुलांच्या मागे रात्र-रात्र जागता. पुढच्या वेळी गुणतक्ता छापण्यापूर्वी त्यावरचे रकाने एकदा मोठ्याने वाचून पाहा. पालक असाल, तर हातातली कात्री मुलाच्या हाती द्या आणि तारा किंचित वाकडा झाला तरी तसाच टांगा. आणि निकाल जाहीर करून व्यासपीठावरून खाली उतरलात, की दोन मिनिटे मागल्या बाकांकडे जा. तेथे कोणी तरी आपला न निवडलेला पुठ्ठा मांडीवर घेऊन बसलेले असेल. त्याच्याशेजारी बसा, तो पुठ्ठा हातात घ्या, आणि त्याला विचारा, "हे असं का केलंस, बाळ? मला सांग बरं."